शेजारच्या खुर्चीतल्या बाई

तो सिनेमा भिकार होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं माझ्याबद्दल जे सांगणार आहे त्यात एवढं एक तरी माझ्या बाजूनं असू द्या. नायक लग्नाच्या वरातींना घोडी पुरवतो. नायिका जनावरांची डॉक्टर. नायकानं शीळ घातली की घोडी ऐन वरातीत आडवी पडते, मग डॉक्टरीणबाईंना फोन जातो, त्या बॅग घेऊन धावत येतात, आणि नवरदेव बाजूला उभा राहून शेरवानी झटकतो. हे सात लग्नांत होतं. सात! अख्ख्या शहरात जनावरांचा दुसरा डॉक्टर नाही, आणि त्याच त्या घोडीला आठवड्यातून दोनदा चक्कर कशी येते हे विचारायची अक्कल त्या शिकलेल्या बाईला नाही. मध्यंतराच्या जरा आधी घोडीला खराखुरा ताप येतो आणि दोघांना प्रेमाचा साक्षात्कार होतो. झाडून सगळ्या समीक्षकांनी सिनेमाला सोलून काढलं. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत सिनेमाचं परीक्षण लिहितो. मीही सोललं. पाचांपैकी अर्धा तारा दिला, आणि तो घोडीला दिला असं लिहिलं.

लोक म्हणतात समीक्षकाकडे डोळा असावा लागतो. मला डोळाबिळा काही नव्हता. माझ्याजवळ ताई होती.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. नंतर बाबा अंथरुणाला खिळले ते नऊ वर्षं उठले नाहीत. त्या नऊ वर्षांत तिची स्थळं आली आणि गेली. ती एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. सकाळची शाळा, बाराला सुटते. शाळेत जायच्या आधी माझा चहा, माझा डबा, माझ्या शर्टाला इस्त्री. बाबा गेले तेव्हा ती एक्केचाळीसची होती, आणि आता तिच्यासाठी कोणी काही बघायला पाहिजे हे मला सुचलं नाही. सुचलं नाही हेही खोटंच. मला ते परवडत नव्हतं. माझं लग्न झालेलं नाही, होण्यासारखं माझ्यात काही नाही, आणि सकाळी सातला हातात चहा मिळण्याची मला सवय होती.

टॉकीजचा पास दोन माणसांचा असायचा. दुसरं माणूस म्हणून मी ताईला न्यायचो. शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ. ती शाळेतून आली की साडी बदलायची, वेणी पुन्हा घालायची, आणि स्टीलच्या डबीत फुटाणे भरून डबी पर्सच्या तळाशी लपवायची, कारण बाहेरचं खायला आत नेऊ देत नाहीत. अंधार झाला की पदराखाली डबी उघडायची. तिचं हसणं काय सांगू! आधी श्वास आत ओढायची, मग 'हॅ' असा एकच मोठा आवाज, आणि मग हातानं तोंड झाकून नुसती हलत राहायची. तिचे समोरचे दात थोडे पुढं आहेत, म्हणून तोंड झाकायची लहानपणापासूनची सवय.

माझी पद्धत साधी होती. मांडीवर छोटी वही. ताई हसली की फुली, ताईनं डोळ्याला पदर लावला की फुली. फुल्या जितक्या जास्त, तारे तितके कमी. ताईला जे आवडतं ते वाईट असतं, हा माझा नियम, आणि तो नियम एकदाही चुकला नाही असं मी मित्रांना सांगायचो. मध्यंतरात मी तिला विचारायचो, "कसा वाटून राहिला?" ती बिचारी विचार करून, शब्द जुळवून सांगायची. भाऊ आपलं मत विचारतो याचं तिला भारी अप्रूप होतं. त्या दिवशी म्हणाली, "मले त घोडीचीच काळजी लागून राहिली गा, बाबू. खरंच मरन काय?" मी म्हटलं, "बघू." आणि फुली मारली.

त्या सिनेमाला फुल्यांनी पान भरलं. दुसरं पान घेतलं. शेवटच्या दहा मिनिटांत ती इतकी रडली आणि इतकी हसली की मी पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत बसलो. परीक्षणाचा मसाला तिथं होता.

घरी येऊन लिहिलं ते मला अजून पाठ आहे. "माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. ज्या वयात बायका माणसाची वाट पाहणं सोडून मालिकेची वाट पाहू लागतात, त्या वयाच्या. घोडी पडली की त्या हसत, आणि हसताना त्यांचे दात त्यांच्या आधी पडद्यापाशी पोचत. हा सिनेमा त्यांच्यासाठी काढला आहे. ज्यांच्या दारात कधी घोडी आली नाही, त्यांच्यासाठी ती पडद्यावर पाठवली आहे."

लिहून झाल्यावर मी स्वतःशीच हसलो. बाहेर ताई माझ्या डब्याची भाजी निवडत होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं पाहिली असतील, मी तर वासे मोजून छापायला दिले.

पुरवणी आली आणि गावात धमाल उडाली. संपादकांना फोन, मला फोन. चहाच्या टपरीवर एकानं मला ती घोडीची ओळ म्हणून दाखवली, ती मीच लिहिली आहे हे त्याला ठाऊक नसताना. संपादक म्हणाले, "ती बाई सोडू नको बे. दर आठवड्याले आण तिले." मग काय! शेजारच्या खुर्चीतल्या बाई दर रविवारी येऊ लागल्या. सिनेमा कोणताही असो, बाई कुठं हसल्या, कुठं हुंदका दिला, कुठं नायकाच्या उघड्या छातीकडे बघून पदर सावरला, हे वाचायला लोक पान उलटायचे. वर्षभर हे चाललं.

आणि ताई ते वाचायची. मोठ्यानं वाचायची, मला ऐकवायची. "कशा असते वं माय एकेक बाया!" म्हणून कपाळावर हात मारायची. "तू तिच्याच बाजूले काहून बसतं गा दरवेळी? जागा बदलून घे ना." मी फुटाण्यांच्या शेंगा केल्या होत्या, वेणीचा अंबाडा केला होता, साडीचा रंग बदलला होता. दात मात्र ठेवले होते. दातांशिवाय मजा नव्हती. तिला ते कळलं नाही, ती बाई माझ्या दुसऱ्या बाजूला बसते असं ती धरून चालली. आपण कसे हसतो हे कोणाला दिसतं? प्रत्येक परीक्षण ती कापून शाळेच्या एका जुन्या रजिस्टरात खळीनं चिकटवायची. माझं नाव आहे तिथं लाल पेनानं रेघ ओढायची.

स्थळ आणलं ते तिच्या शाळेतल्या एका मॅडमनी. त्या कामठीहून येतात. त्यांच्या गल्लीतला माणूस, पन्नाशीचा, मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला, बायको जाऊन चार वर्षं झालेली, घरी कॉलेजात जाणारी एक मुलगी. मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "भाऊ, माणूस एकदम सरळ आहे. तुम्ही फक्त हो म्हणा." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी ते आले. बाप, लेक आणि मॅडम. ताईनं सांबारवडी केली होती. हिवाळ्याचे दिवस, सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, ताजा होता, आणि ताईची वडी म्हणजे खाणारा गप्प बसतो. तो माणूस गप्प बसला नाही. प्रत्येक घासाला "वा!" म्हणाला. केसांना काळं केलं होतं आणि एका कानाच्या पाळीला त्याचा डाग राहिला होता. चहा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला. मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, पण वडी तिनं तीनदा घेतली.

मग त्यानं ताईला विचारलं, "मॅडम, सिनेमागिनेमा पाह्यता का तुम्ही?"

ताईचा चेहरा खुलला. "हाव ना! हा पेपरात लिहिते सिनेमावर. मले नेते दर शुक्रवारी. मी याच्या बाजूलेच बसते."

त्यानं बशी खाली ठेवली. कोणता पेपर ते विचारलं. मी सांगितलं. विषय बदलायचा सोडून मी वडीचे तुकडे करत बसलो.

"अरे बाप!" तो अर्धा उभा राहिला. "म्हणजे त्या शेजारच्या बाई तुम्हीच! पोरी, पाह्य वं, ह्याच त्या!" मुलीनं मोबाइल खाली केला. "आमच्या कँटीनमध्ये रविवारचा पेपर फाटेपर्यंत फिरते, मॅडम. तुम्ही भाऊबहीण भल्लं जमवता बुवा. तो घोडीवाला सिनेमा आम्ही तुमच्या भरोशावर पाह्यला. यायनं त लिहिलं होतं, भंगार आहे म्हणून. पण मी म्हटलं, एवढी हासली म्हणते ती बाई, तं काहीतरी असनच त्याच्यात. हिची आई गेल्यावर आम्ही दोघं घरात बोलत नव्हतो धड. त्या दिवशी टॉकीजात पह्यल्यांदा हासलो. तवापासून मले वाटे, कोण असन ही बाई."

तो खरोखर आनंदला होता. त्याला वाटलं हे सगळं आम्ही दोघं मिळून, हसतखेळत करतो. माझी एवढी ओरखडे काढणारी भाषा, पण त्या माणसानं त्यातून फक्त तिचं हसणं उचललं होतं. ताई ताटलीकडे बघत होती. मग म्हणाली, "अजून घ्या ना वडी." आवाज अगदी रोजचा. मला तेव्हाही मनात वाटलं, काय सावरलं हिनं, हे लिहायला पाहिजे. जित्याची खोड!

ते गेल्यावर तिनं रजिस्टर काढलं आणि दिवाणावर बसून पहिल्या पानापासून वाचलं. मी उगाच पंख्याचं बटन बघ, खिडकी लाव, असं करत राहिलो. अर्ध्या तासानं तिनं मान वर केली.

"माझे दात एवढे समोर आहेत काय?"

"अगं ताई, ते लेखन असतं. त्यात वाढवून लिहावं लागतं."

"आन घोडीचं?"

"कोणतं घोडीचं?"

"दारात घोडी आली नाई, ते."

मी म्हटलं, "ते सर्वसाधारण विधान आहे." देवाशपथ, हे शब्द मी बोललो. ज्या बाईनं माझी हगवण धुतली तिला मी सर्वसाधारण विधान सांगत होतो.

ती रडली नाही. रजिस्टर मिटून म्हणाली, "झालं ते झालं. आता नको लिहू." मी म्हटलं, बरं.

गुरुवारी होकार आला. बापाचाही आणि लेकीचाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, पोरगी म्हणून राहिली की त्या बाई घरात आल्या तर मजा येईल. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी ठरलं. आमच्याच घरी, दहा-पंधरा माणसांत, कुंकू लावून उरकायचं. आणि ताईनं मला माफ केलं, मी न मागता. तिला आनंद झाला होता हो! दुसऱ्यावर राग धरायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती. आणि मला तिचा तोच आनंद बघवेना.

ती गांधीबागेत जाऊन साडी घेऊन आली. लाल, बारीक सोनेरी काठाची. अंगावर धरून आरशासमोरून माझ्याकडे वळली. मी पेपरातून डोळे काढून म्हटलं, "या वयात लाल?" एवढंच. दुसऱ्या दिवशी ती साडी बदलून घेऊन आली, बिस्किटी रंगाची. दुकानदारानंच म्हणे हा रंग सुचवला. मी म्हटलं, हा बरा आहे.

मग तिनं मला स्वयंपाक शिकवायला घेतला. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: तूरडाळ, बेसन, साखर. कुकरच्या किती शिट्ट्या, वॉशिंग मशीनचं कोणतं बटन. मला म्हणायची, "कामठी काय लांब आहे? बसनं येईन मी दर शनिवारी. पण रोजचं तुलेच पाह्यलं पाहिजे ना गा." चहात आधी साखर की आधी पत्ती हे ती मला समजावत होती आणि मी तिच्या हातच्या चहाच्या किती सकाळी उरल्या ते मोजत होतो. मी एकट्यानं त्या घरात उठायचं, एकट्यानं गॅस पेटवायचा. बेचाळीस वर्षांचा घोडा, आणि माझी गाळण उडाली होती. तिला तसं सरळ सांगितलं असतं, की मला भीती वाटते, तर ती हसली असती, आणि मला वाटतं कामठीच्या माणसाला सांगून तिनं नागपुरातच घर बघायला लावलं असतं. पण ते बोलायला जीभ लागते. माझी जीभ दुसऱ्या कामाची.

पुढच्या शुक्रवारी ती सिनेमाला आली नाही, तिला दारासाठी तोरण शिवायचं होतं. मी एकटा गेलो. कुठं फुली मारायची ते कळेना. वही कोरी घेऊन घरी आलो. शनिवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायचा होता. ती आत गाणं गुणगुणत होती. मी बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं. शीर्षक दिलं, 'बाईंचं जमलं'.

त्यात सगळं घातलं. कानाच्या पाळीवरचा काळा डाग. बशीवरची फुंकर. भावी वरासोबत आलेली उपवर कन्या, म्हणजे स्थळ नक्की कोणासाठी आलं आहे असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा. वडी खाताना दर घासाला "वा!" म्हणणारा माणूस बायको शोधतो आहे की आचारी. आणि शेवटी, "सात वराती आडव्या पडलेली घोडी अखेर आठव्या वेळी उठली म्हणायची." तिचं काही चुकलं नव्हतं, त्याचं काही चुकलं नव्हतं, वही कोरी होती हे कारणही खोटं. तिनं जाऊ नये म्हणून मी ते लिहिलं. लिहिताना हे मला माहीत होतं. पाठवायचं बटन दाबताना तर नक्कीच माहीत होतं.

रविवारी सकाळी ताई खिडकीशी बसून पेपर वाचत होती. मोठ्यानं वाचला नाही. वाचून झाल्यावर पुरवणीची नीट घडी घातली आणि उठून आंघोळीला गेली. कात्री काढली नाही. मी वाट बघत होतो की ही आता भांडेल, ताटली फेकेल, मला भोसडेल. काही नाही. जेवायला वाढलं. भातावर वरण, वरणावर तूप.

तिकडं कामठीला मात्र आग लागली होती. मुलीच्या कॉलेजातल्या कोणीतरी तो मजकूर मोबाइलवर फिरवला. 'उपवर कन्या' म्हणून पोट्टे तिला चिडवायला लागले. ती दोन दिवस कॉलेजात गेली नाही आणि बापाला म्हणाली, त्या घरातली बाई आपल्या घरात आली तर मी इथं राहणार नाही. पोरीचं काय चुकलं? तिनं वडी तीनदा खाल्ली होती, बस.

मंगळवारी संध्याकाळी ताईचा मोबाइल वाजला. ती आतल्या खोलीत बोलत होती, मी बाहेर. बराच वेळ ती नुसतं "हाव, हाव" म्हणत होती. मग बाहेर आली. मोबाइल तिच्या हातात, फोन चालूच.

"ते रागावले नाई," ती म्हणाली. "ते म्हणून राहिले, मी समजतो, लिहिणारायचं असतेच तसं. पण पोरगी आयकून नाई राहिली. ती बसली आहे त्यायच्या बाजूलेच. तू तिच्याशी बोल. म्हण, माझ्या हातून चूक झाली, मनावर घेऊ नको. दोन वाक्यं, बाबू. ते म्हणते, तेवढ्यानं मानते ती." आणि तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. "बोल."

मोबाइलमधून तिकडच्या घरातला आवाज येत होता, कोणीतरी खुर्ची सरकवली. एक पोरगी तिकडं ऐकत बसली होती. तिच्या सगळ्या जन्मात तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी घसा साफ केला आणि म्हणालो, मोठ्यानं, तिकडं ऐकू जाईल असं:

"लिहिल्याबद्दल मी माफी मागत नसतो. ते माझ्या तत्त्वात बसत नाही."

तत्त्व! अर्ध्या ताऱ्याची परीक्षणं लिहिणाऱ्याचं तत्त्व. संपादकानं शब्द कमी करायला सांगितले तर मी दहादा "हो साहेब" म्हणायचो.

ताई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलेलं तिला कळायला वेळ लागला असावा, कारण मोबाइल धरलेला हात तसाच पुढं होता. मग तिनं तो कानाशी नेला. "ठेवते," म्हणाली. पलीकडून तो काहीतरी म्हणाला, ती म्हणाली, "नाई. तुम्ही चांगले आहा. पोरीले सांभाळा." आणि फोन बंद करून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं कुकरच्या शिट्ट्या आल्या. मी मोजल्या, तिनं मला शिकवल्या होत्या तेवढ्याच.

पुढच्या वर्षी त्या माणसाचं दुसरीकडे लग्न झालं. मॅडमनी शाळेत पेढे वाटले. ताईनं एक खाल्ला आणि एक माझ्यासाठी रुमालात बांधून आणला. मी तो खाल्ला. चांगला होता.

शेजारच्या बाई मी बंद केल्या. लोकांनी महिनाभर विचारलं, मग विसरले. पास अजून दोघांचा येतो. ताई येत नाही, पहिल्या एक-दोन शुक्रवारी विचारलं तर म्हणाली, "डोळे दुखते." सकाळी सातला माझ्या हातात चहा असतो. डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, पण आता कोणाला त्या वाचायची गरज पडत नाही. शाळा, घर, शाळा. मला जे पाहिजे होतं ते सगळं माझ्याजवळ आहे.

तो घोडीवाला सिनेमा मात्र मेला नाही. आम्ही इतक्या जणांनी मिळून मारला, तरी तो टीव्हीवर महिन्यातून दोनदा लागतो, आणि लोक बघतात. बस स्टँडवर, सलूनमध्ये, दवाखान्यात. माझ्याच कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत दोन शहाणी माणसं मोबाइलवर तो बघताना मी पकडली. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी उठलो तर ताई दिवाणावर बसून तोच बघत होती. आवाज अगदी बारीक. घोडी पडली. ती हसली नाही, तोंडावर हातही नेला नाही. नुसती बघत होती, दारात उभं राहून ओळखीचं माणूस जाताना बघतो तशी.

मी दारातच उभा राहिलो. तीन वर्षांत आमच्यात भाजी, वीज बिल आणि पाण्याची वेळ याशिवाय बोलणं नव्हतं. मी विचारलं, "ताई, काय आहे गं एवढं यात?"

तिनं पडद्यावरून डोळे काढले नाहीत.

"काही नाई," ती म्हणाली. "दोन तास कोणी कोणाले घालूनपाडून बोलत नाई. बस तेवढंच." मग म्हणाली, "आन शेवटचा तो भाऊ आवडते मले."

"कोणता भाऊ?"

"डॉक्टरणीचा. तोच त मोडते तिचं लग्न. मंग येते धावत घोडीवाल्याच्या घरी. बनियनवरच. एका पायात चप्पल आन एका पायात नाई."

मला भाऊ आठवेना. डोकं खाजवलं, तरी आठवेना. दोन पानं फुल्या मारल्या होत्या त्या सिनेमात, अर्धा तारा दिला होता, आणि त्यात एक भाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं. तो आला तेव्हा मी पडदा सोडून ताईच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. ती कोणासाठी रडते आहे हे मी बघितलंच नव्हतं.

"येईनच आता तो," ती म्हणाली. रिमोट दिवाणावर ठेवून उठली आणि संध्याकाळची कणीक भिजवायला आत गेली. तिनं स्वतः त्या भावासाठी थांबायचं टाळलं.

मी तिच्या जागी बसलो. आवाज वाढवला. आला तो. भिकार नट, पोट सुटलेलं, बनियनला भोक. मागं सनई वाजत होती, घोडी मान हलवत होती, आणि गल्लीतली सगळी माणसं कामं सोडून बघत उभी होती, खऱ्या गल्लीत उभी राहत नाहीत तशी. सगळं खोटं होतं. तो दारात उभा राहिला, धापा टाकत, आणि बोलला. चार वाक्यं होती. मला फोनवर दोनच बोलायची होती.